मुकादमी, दस्तुरी आणि कमिशन : चौसाळा परिसरातील मजूरभरतीच्या मोबदल्याचा इतिहास

१. विषयप्रवेश

मजुरी देणारा आणि मजुरी घेणारा यांच्यामध्ये तिसरा हात आला, म्हणजे दिलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम या दोहोंत अंतर पडते. हे अंतर किती असते, त्यास कोणत्या नावाने ओळखतात आणि त्या अंतराच्या मोबदल्यात कोण काय विकत घेतो, हे प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचे समजले जातात. तथापि त्यांची उत्तरे केवळ आकड्यांतून सापडत नाहीत. ज्या शब्दांनी हा व्यवहार बोलला जातो, ते शब्द कोठून आले, त्यांचे अर्थ कसे पालटले आणि कोणत्या गोष्टी त्यांनी उघड केल्या व कोणत्या झाकल्या, याचाही विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील चौसाळा आणि त्याभोवतालचा बालाघाटाचा टापू समोर ठेवून ऊसतोडणीच्या मजूरभरतीतील मध्यस्थाच्या मोबदल्याचा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

चौसाळा हे बीड तालुक्यातील मोठे गाव. बीडहून मांजरसुंब्यावरून धाराशिव-सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर ते वसलेले आहे. २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेपूर्वी त्याच्या नावाचा विधानसभा मतदारसंघही होता. भोवतालची जमीन बव्हंशी हलकी व माळरानाची, पाऊस बेभरवशाचा. खरिपाचे पीक हाती येते न येते तोच दसरा-दिवाळीच्या सुमारास या टापूतील गावे रिकामी होऊ लागतात आणि ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे चालू लागतात. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की फाल्गुन-चैत्रात माणसे परत येतात. या येण्याजाण्याची व्यवस्था ज्याच्या हाती असते, तो मुकादम होय. कारखाना आणि मजूर यांच्यामधला तिसरा हात तो हाच.

२. शब्दांचा विचार

‘मुकादम’ हा शब्द मूळचा अरबी. ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रस्थानी असलेला. दख्खनच्या सुलतानी अमदानीतील फारसी कागदपत्रांत आणि पुढे मराठी दप्तरांतही गावच्या पाटलास ‘मोकदम’ म्हटलेले आढळते. हा मोकदम सरकारचा वसूल गावातून गोळा करून भरणा करी, गावाच्या वतीने सरकारशी बोले आणि या दुहेरी कामाबद्दल त्यास हक्क, लवाजमा व मानपान मिळत असे. म्हणजे वरच्यास खालच्यांची हमी आणि खालच्यांस वरच्याचा आधार देणे हे त्याचे काम, व त्या हमीचा मोबदला हे त्याचे उत्पन्न. गावाचा मोकदम पुढे टोळीचा मुकादम झाला, तेव्हा शब्दाचा आवाका लहान झाला. परंतु या दुहेरी हमीचा गाभा मात्र तसाच टिकला. पाटलाच्या हक्कास सनदेचा आधार होता. मुकादमाच्या हक्कास रूढीखेरीज बराच काळ कोणताच आधार नव्हता, एवढाच काय तो फरक.

मराठवाड्यात या अर्थक्षेत्रातील दुसरा शब्द ‘गुत्तेदार’ हा होय. उर्वरित महाराष्ट्रात ज्यास कंत्राटदार अथवा मक्तेदार म्हणतात, त्यास निजामाच्या मुलखात गुत्तेदार म्हणण्याचा प्रघात पडला. कन्नडमधील ‘गुत्तिगे’ व तेलुगूमधील ‘गुत्त’ या शब्दांशी त्याचे नाते आहे. ठराविक रकमेवर काम अथवा उत्पन्न उचलून देण्याचा करार हा त्यांचा अर्थ. एकाच राज्यात तीन भाषा नांदत असल्यामुळे हा शब्द सीमा ओलांडून आला आणि फारसी ‘दार’ या प्रत्ययासह मराठीत रुळला. मुकादम आणि गुत्तेदार या दोन शब्दांत बोलणारा भेद करतो. गुत्तेदार काम अंगावर घेतो. मुकादम माणसे अंगावर घेतो. हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मोबदल्याचे शब्दही तीन थरांचे आहेत. ‘दस्तुरी’ हा फारसी ‘दस्तूर’ म्हणजे रिवाज यावरून आलेला. जे घेणे कोणी ठरवून दिलेले नसते, पण सारे घेतात म्हणून चालते, ते दस्तुरी. ‘कमिशन’ हा इंग्रजी शब्द ठरलेल्या टक्केवारीचा निदर्शक असून तो लेखी हिशेबात बसतो. आणि ‘उचल’ हा निव्वळ मराठी शब्द ‘उचलणे’ या धातूवरून झालेला. काम करण्यापूर्वी उचललेली रक्कम, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की उचलीत रक्कम कोण उचलतो हे दिसते, परंतु ती परत कोणत्या भावाने फेडावयाची हे दिसत नाही. ‘कर्ज’ म्हटले की व्याजाचा प्रश्न उभा राहतो; ‘उचल’ म्हटले की तो मनातच येत नाही.

सर्वांत बोलका शब्द ‘कोयता’ हा आहे. ऊस तोडण्याचे हे हत्यार. पण भरतीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे पती-पत्नीची एक जोडी. एकटा मनुष्य असेल तर तो ‘अर्धा कोयता’. टोळीत दहा कोयते आहेत, याचा अर्थ वीस माणसे आहेत. पुरुष ऊस तोडतो, स्त्री वाढे साळते, मोळ्या बांधते व डोक्यावरून वाहते. पण मोजणीत दोघांचे मिळून एकच नाव, एकच उचल आणि एकच हिशेब. लक्षणेने झालेला हा अर्थविस्तार नसून अर्थसंकोच आहे, असे म्हणावे लागते. कारण हत्यारात माणूस सामावला आणि पुरुषाच्या नावात स्त्रीची मजुरी सामावली.

३. मध्यस्थाची पूर्वपीठिका

मजूर पुरविणाऱ्या मध्यस्थाची संस्था केवळ ऊसतोडणीची नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांत हेच काम जॉबर करी. गिरणीत कोणास घ्यावयाचे, कोणास काढावयाचे आणि गैरहजर कामगाराच्या जागी बदली म्हणून कोणास उभे करावयाचे, हे बव्हंशी त्याच्या मर्जीवर अवलंबून असे. स्त्रियांच्या खात्यांत नायकीण हीच सत्ता चालवी. जॉबरास गिरणीकडून पगार होता. त्याशिवाय काम मिळवून दिल्याबद्दल कामगारांकडून त्यास दस्तुरी मिळे. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने या प्रथेवर कडक टीका केली व भरतीचा अधिकार जॉबराच्या हातून काढून घ्यावा, अशी शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली, तिच्यामागे याच टीकेची पार्श्वभूमी होती.

समुद्रापलीकडे सिलोनच्या चहामळ्यांत कंगाणी हा असाच मध्यस्थ होता. दक्षिणेतील खेड्यांतून आपल्या नात्यागोत्याची माणसे तो घेऊन जाई. त्यास दररोज कामावर हजर राहिलेल्या दर माणसामागे ठराविक रक्कम मिळे. मजुरांच्या अंगावरील कर्जाची चिठ्ठी, जिला ‘तुंडू’ म्हणत, ती दुसऱ्या मळ्याने चुकती केली की मजूर तिकडे जाऊ शकत. म्हणजे मजुराच्या स्थलांतरास त्याच्या कर्जाची खरेदी-विक्री हेच द्वार होते. १९२१ च्या कायद्याने ही तुंडूपद्धत रद्द झाली. बालाघाटातील मजुरास एक मुकादम सोडून दुसऱ्याकडे जावयाचे असले, तर नव्या मुकादमाने जुन्याची बाकी फेडावी लागते. शब्द निराळा असला तरी व्यवहाराची ठेवण तीच आहे.

आगाऊ रकमेच्या जोरावर मजुरास बांधून ठेवण्यास ब्रिटिश हिंदुस्थानात कायद्याचेही पाठबळ होते. १८५९ च्या तेराव्या कायद्यान्वये उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास अथवा मजुरास फौजदारी न्यायालयापुढे उभे करता येत असे. करारभंग ही वस्तुतः दिवाणी बाब; पण मजुराच्या बाबतीत तिला गुन्ह्याचे स्वरूप दिले गेले. १९२५ साली हा कायदा रद्द करण्यात आला. चौसाळ्याचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथे कर्जापोटी राबणाऱ्या ‘भागेला’ मजुरांच्या करारांवर १९३६ मध्ये निर्बंध घालण्यात आले. परंतु ही प्रथा मुख्यत्वे तेलंगणातील होती आणि मराठवाड्यात सालगड्याचा वार्षिक करार हेच शेतमजुरीचे रूढ रूप राहिले. सालगडीही पाडव्याच्या सुमारास उचल घेऊन वर्षभर बांधला जाई. तेव्हा कामाआधी पैसा आणि पैशामागे बांधिलकी, ही कल्पना ऊस येण्यापूर्वीच या भूमीत रुजलेली होती.

४. उसाची वाट

१९३२ मध्ये साखर-उद्योगास जकातीचे संरक्षण मिळाले आणि दख्खनच्या कालव्यांच्या पट्ट्यात खाजगी कारखाने उभे राहू लागले. १९४८ साली नोंदविलेल्या व १९५० साली गाळप सुरू केलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याने सहकाराचा नवा अध्याय उघडला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. सहकारामुळे ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा भागीदार झाला. मात्र ऊस तोडणारा भागीदार झाला नाही. तो कारखान्याचा नोकरही झाला नाही. ऊसतोडणी आणि वाहतूक ही कामे कारखान्याने करारावर सोपविली, आणि सहकाराच्या नव्या घरात मुकादमाची जुनी ओसरी तशीच राहिली.

उसाची निकड अशी की तो पक्व झाल्यावर वेळेत तोडावा लागतो आणि तोडल्यावर लवकर गाळावा लागतो. विलंब झाल्यास वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणून हंगामात शेकडो टोळ्या ठरल्या दिवशी ठरल्या फडात असाव्या लागतात. एवढी माणसे कालव्याच्या सधन पट्ट्यात मिळणे शक्य नव्हते. ती पर्जन्यछायेतील दुष्काळी टापूतून आणावी लागली. पाथर्डी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर व बीडचा डोंगरपट्टा हे त्या माणसांचे माहेर. १९७२ च्या दुष्काळाने या ओघास मोठी भरती आली. एका बाजूस धरणाचे पाणी आणि दुसऱ्या बाजूस माळरान, यांमधील उतारावरून माणसे वाहत गेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ही स्थिती केवळ महाराष्ट्राची नव्हती. गुजरातेत बारडोलीच्या परिसरातील सहकारी कारखान्यांसाठी खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केला. तेथेही मुकादम, उचल आणि कोयता हीच तीन सूत्रे त्यास आढळली. शब्दांनी मजुरांबरोबर राज्याची सीमा ओलांडली होती.

करारांची साखळी आज सामान्यतः पुढीलप्रमाणे असते. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी करतो आणि त्यास आगाऊ रक्कम देतो अथवा बँकेचे कर्ज मिळवून देतो. वाहनमालक ती रक्कम मुकादमास देतो. मुकादम ती कोयत्यांत वाटतो. पावसाळ्यात, जेव्हा घरात धान्य नसते आणि लग्न, आजार किंवा जुने देणे समोर उभे असते, तेव्हा ही उचल हाती पडते. अलीकडच्या काळात एका कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वर ती गेलेली आहे. पैसा वरून खाली उतरतो, आणि हमी खालून वर चढते. मजूर मुकादमास बांधलेला, मुकादम वाहनमालकास आणि वाहनमालक कारखान्यास. कारखाना मात्र मजुरास कोणत्याही कागदाने बांधलेला नसतो.

५. कमिशनाचे गणित

ऊसतोडणीचा दर टनावर ठरतो. साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगार व मुकादम यांच्या संघटना यांच्यात काही वर्षांच्या अंतराने संप, वाटाघाटी व लवाद यांतून तो निश्चित होतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे की या वाटाघाटींत मजूर आणि मुकादम एकाच बाजूस बसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये तोडणीच्या दरात १४ टक्के वाढ झाली. जानेवारी २०२४ च्या समझोत्यात ३४ टक्के वाढ होऊन टनाचा दर सुमारे ३६६ रुपये झाला, आणि मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले.

हे कमिशन मजुरीतून कापले जात नाही. कारखाना ते मजुरीच्या वर देतो. म्हणून ३६६ रुपयांवर ७३ रुपये २० पैसे चढून कारखान्यास तोडणीपोटी टनामागे ४३९ रुपये २० पैसे पडतात. या ठिकाणी वारंवार होणारा एक घोटाळा दूर केला पाहिजे. मजुरीवर २० टक्के चढविले, याचा अर्थ एकूण रकमेतील २० टक्के मध्यस्थास गेले असा नव्हे. ७३.२० ही रक्कम ४३९.२० च्या १६.६७ टक्के, म्हणजे बरोबर एक षष्ठांश आहे. चढ मजुरीवर मोजावा की एकूण देण्यावर मोजावा, यावरून एकच व्यवहार लहान अथवा मोठा दिसतो. ज्यास आपला वाटा थोडा दाखवावयाचा असेल तो एका पद्धतीने बोलेल, ज्यास दुसऱ्याचा वाटा अधिक दाखवावयाचा असेल तो दुसरीने. विद्यार्थ्याने प्रथम विचारावे ते हे की, टक्के खरे, पण ते कशाचे?

आता एका काल्पनिक टोळीचा हिशेब मांडून पाहू. एक कोयता दिवसास दोन टन ऊस तोडतो आणि हंगामात १२० दिवस काम होते, असे धरले तर २४० टनांची मजुरी ८७,८४० रुपये होते. ती दोन माणसांची. माणशी रोज ३६६ रुपये. त्या कोयत्यामागे मुकादमास १७,५६८ रुपये मिळतील. दहा कोयत्यांच्या टोळीवर १,७५,६८० रुपये. एवढ्यावर थांबले, तर मुकादमाचा धंदा किफायतशीर भासतो.

परंतु मुकादमाने दर कोयत्यास एक लाखाप्रमाणे दहा लाख रुपये उचल वाटली आहे, हे विसरता येत नाही. त्यांतील दोन कोयते हंगामाच्या आरंभीच फडातून निघून गेले, तर दोन लाख बुडाले. आणि उरलेल्या आठ कोयत्यांवरील कमिशन होते १,४०,५४४ रुपये. म्हणजे दहांतील दोन जोड्या गेल्या तर वर्षाची सर्व मुकादमी जाऊन वर जवळजवळ साठ हजारांचे देणे अंगावर येते. शिवाय तो स्वतः वाहनमालकाचा ऋणको असतो. मजूर उचल घेऊन आले नाहीत म्हणून मुकादमाने, आणि मुकादमाने फसविले म्हणून वाहनमालकाने केलेल्या तक्रारी बीड आणि पश्चिम महाराष्ट्रात नित्याच्या झाल्या आहेत. यावरून एक निष्कर्ष निघतो. कमिशन हे केवळ माणसे जमविण्याचे वेतन नव्हे. त्यात उचलीवरील व्याज आणि ती बुडण्याच्या धोक्याचा विमाही सामावलेला आहे. धोका मोठा आणि त्याची किंमत अपुरी असली, की धोका पत्करणारा ती तूट अन्य मार्गाने भरून काढतो. तो अन्य मार्ग खाली मजुराकडेच जातो.

६. हिशेबाबाहेरचे घेणे

मजुरांच्या बोलीत ‘खाडा’ म्हणजे कामावर न आलेला दिवस. खाड्याच्या दिवसाची मजुरी मिळत नाही, हे ओघानेच आले. त्याखेरीज खाड्याबद्दल दंड घेण्याची रीत आहे. २०१९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांत दिवसाला पाचशे रुपयांचा उल्लेख आढळतो. वरील कोयत्याचे हंगामात दहा खाडे झाले असे मानू. वीस टन ऊस कमी तोडला गेला. मजुरी ७,३२० रुपयांनी घटली. मुकादमाचे कमिशन किती घटले? केवळ १,४६४ रुपयांनी. पण दंड झाला पाच हजारांचा. नुकसानीच्या तिपटीहून अधिक असलेल्या या रकमेस भरपाई म्हणता येणार नाही. तो धाक आहे. कोयत्याच्या हाती हिशेबात ७५,५२० रुपये जमा होतात आणि एक लाखाच्या उचलीपैकी २४,४८० रुपये बाकी राहतात. एकही खाडा झाला नसता तरी १२,१६० रुपये बाकी राहिलेच असते. ही बाकी पुढील वर्षाची बेडी ठरते. बाकी फिटेपर्यंत त्याच मुकादमाकडे जावे लागते, आणि बाकी फेडण्यासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते.

या गणितात आजारपणास, गरोदरपणास आणि मासिक पाळीस जागा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणीत ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. या शस्त्रक्रियांमागील कारणे अनेक आहेत. अस्वच्छ वस्ती, खाजगी दवाखान्यांचे वर्तन आणि लहान वयातील विवाह व बाळंतपणे ही त्यांतील काही. परंतु खाड्याचा धाक हे कारण त्यांतून वगळता येत नाही. ‘एक कोयता’ या मोजणीत जिची स्वतंत्र गणना नव्हती, तिच्या देहावर त्या मोजणीचा भार पडला.

आता मोबदल्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. शहरातील कारखान्यास अथवा कचेरीस कंत्राटी कामगार पुरविणारी संस्था मजुरीवर जो चढ लावते, त्याचा मोठा हिस्सा कायद्याने ठरविलेल्या देण्यांचा असतो. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के, राज्य कामगार विम्यात ३.२५ टक्के, किमान बोनस ८.३३ टक्के, वेतनमर्यादांचा विचार बाजूस ठेवला, तर एवढ्यानेच २३.५८ टक्के होतात. संस्थेचा स्वतःचा नफा त्याच्यावर चढतो. ऊसतोडणीतील २० टक्क्यांत यांपैकी एकही देणे नाही. म्हणून केवळ टक्केवारीची तुलना करून एक मध्यस्थ स्वस्त आणि दुसरा महाग ठरविणे चुकीचे होईल. तिकडे पंचवीस-तीस टक्के चढ असूनही कामगाराच्या पदरी काही पडते. इकडे वीस टक्क्यांतले काहीच पडत नाही. चढाचा आकडा पाहण्यापेक्षा चढाची फोड पाहणे अगत्याचे आहे.

तात्पर्य, कारखाना कमिशनाच्या रूपाने दोन गोष्टी विकत घेतो. पहिली म्हणजे ठरल्या दिवशी ठरल्या फडात माणसे. दुसरी अधिक मोलाची: ती माणसे आपली नव्हेत, असे म्हणण्याची मुभा.

७. अन्य मार्गांचे दाखले

मध्यस्थाच्या जागी सार्वजनिक संस्था आणण्याचे प्रयोग महाराष्ट्राने पूर्वी केले आहेत. मुंबई बंदरात टोळीवाल्यांच्या हाती असलेली गोदी कामगारांची भरती १९४८ च्या केंद्रीय कायद्यानंतर स्थापन झालेल्या मंडळाकडे गेली. १९६९ च्या माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगारांच्या कायद्याने तोच विचार बाजारपेठांत आणला. अण्णासाहेब पाटील यांचे नेतृत्व त्यास लाभले होते. माथाडी मंडळात व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी कामगारास देते आणि लेव्हीतून त्याचा निधी, रजा, बोनस व औषधोपचार भागविते. ध्यानात घेण्याजोगे ते हे की येथे टोळी नष्ट झाली नाही आणि टोळीचा मुकादमही नाहीसा झाला नाही. मजुरीवरील चढही राहिला. पालटले ते एवढेच, की चढ कोणाच्या खात्यात जमा होतो.

केंद्राचा कंत्राटी कामगार कायदा १९७० चा, वेठबिगार-निर्मूलनाचा १९७६ चा आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा. यांपैकी पहिल्याने कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास ती देण्याचे दायित्व मूळ मालकावर टाकले होते. पहिला आणि तिसरा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विलीन झाले असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. मूळ मालकाच्या दायित्वाचे तत्त्व तीतही कायम आहे. प्रश्न तत्त्वाचा कधीच नव्हता. मुकादमास कंत्राटदार आणि कारखान्यास मूळ मालक म्हणावे की नाही, या नावाचा होता. गुत्तेदार काम अंगावर घेतो आणि मुकादम माणसे अंगावर घेतो, हा बोलीतील भेद येथे कायद्याच्या आड येऊन उभा राहतो.

राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. त्यासाठी कारखान्यांनी उसाच्या टनामागे दहा रुपये आणि तितकीच रक्कम शासनाने द्यावी, असे ठरले. कारखान्याचे हे दहा रुपये ३६६ रुपयांच्या मजुरीशी ताडून पाहिले तर पावणेतीन टक्क्यांहून किंचित कमी भरतात. मुकादमाचे वीस आणि कल्याणाचे पावणेतीन, असे हे प्रमाण आहे. तरीही या दहा रुपयांचे ऐतिहासिक महत्त्व कमी लेखू नये. कारण तोडणाऱ्या माणसाच्या नावे कारखान्याने भरावयाची ही रक्कम मुकादमाच्या हातून जात नाही.

८. समारोप

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मध्यस्थाचा मोबदला हा एकजिनसी नसतो. त्यात भरतीचे वेतन, आगाऊ रकमेचे व्याज, धोक्याचा विमा आणि दायित्वापासून मुक्तीची किंमत हे घटक मिसळलेले असतात. त्यांची फोड केल्यावाचून तो अधिक की उणा, हे सांगता येत नाही. दुसरी अशी की, मुकादमास केवळ शोषक ठरवून प्रश्न सुटत नाही. तो बहुधा त्याच गावचा, त्याच नात्यातला आणि पुष्कळदा पूर्वीचा कोयतेकरीच असतो. ज्या उचलीने तो दुसऱ्यास बांधतो, तिनेच तो स्वतः बांधलेला असतो. उचल कारखान्याने अथवा बँकेने थेट मजुराच्या नावे, व्याजाचा दर सांगून आणि पावती देऊन दिली, तर कमिशनातील विम्याचा अंश गळून पडेल आणि खाड्याच्या दंडाचे कारणही उरणार नाही.

तिसरी गोष्ट शब्दांची. दस्तुरीची जागा कमिशनाने घेतली, तेव्हा रूढीचा हक्क लेखी झाला आणि त्यावर वाटाघाटी शक्य झाल्या. एकोणीसचे वीस झाले ते त्यामुळेच. जे लेखी होते, ते मोजता येते व भांडून मागता येते. उचल, बाकी, खाडा आणि कोयता हे शब्द अद्याप मुकादमाच्या वहीतच आहेत. करारनाम्यात त्यांना स्थान नाही. कोयत्याच्या जागी दोन माणसांची दोन नावे, दोन हजेऱ्या आणि दोन खाती आली, तर चौसाळ्याहून दसऱ्यानंतर निघणाऱ्या ट्रकमध्ये माणसे तेवढीच बसतील; पण त्यांची मोजणी प्रथमच बरोबर होईल.